गूळ-दुधाने सोल्युशन निघत नाही

चप्पल-पर्सच्या कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, की सोल्युशनच्या, म्हणजे सोल चिकटवायच्या गोंदाच्या, वासाची सवय झाली की ते बाधत नाही, रात्री गूळ-दूध घेतलं की लिव्हर सगळं केमिकल बाहेर काढतं, पायाला मुंग्या येतात त्या बी-ट्वेल्व्ह कमी म्हणून, आणि त्रास झालाच तर काम सोडलं की लगेच बरं. माझे मामा धारावीत एका पोटमाळ्यावर वीस वर्षं सोल चिकटवायचे म्हणून हे लिहितेय.

लिव्हरचं आधी घेते, कारण तेच सगळ्यात उलटं सांगितलंय. बऱ्याच सोल्युशनमध्ये एन-हेक्झेन असतं, म्हणजे गोंद पातळ ठेवणारं, पटकन उडून जाणारं केमिकल. ते शरीरात गेलं की लिव्हरच त्याचं २,५-हेक्झेनडायोन बनवतं आणि नसांना मारणारं विष हेच. नसा म्हणजे इथे रक्ताच्या नाहीत, स्पर्श कळवणाऱ्या आणि स्नायू हलवणाऱ्या. नसेच्या आत न्यूरोफिलामेंट म्हणून प्रोटीन असतं, लांब दोऱ्यांसारखं, त्यातल्या लायसिन नावाच्या घटकाला हे जाऊन चिकटतं आणि मग शेजारशेजारचे दोरे एकमेकांत अडकतात, पुढे सरकत नाहीत, जागोजागी गुंता होऊन नस फुगते. केमिकल लघवीतून निघून गेलं तरी चिकटलेले दोरे चिकटलेलेच राहतात, गुळाने ते कसे सुटणार? आणि कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू एकाच पेशीचा, जवळजवळ मीटरभर लांब, म्हणून पाय आधी जातात. मामांच्या पायातली चप्पल जिन्यातच निसटायची आणि त्यांना खाली आल्यावर कळायचं, आम्ही वेंधळे म्हणून त्यांच्यावर ओरडायचो, त्याचं आजही वाईट वाटतं.

बी-ट्वेल्व्ह कमी असलं तरी मुंग्या येतात हे खरंय, तपासून घ्याच. पण डॉक्टरला काम काय करता तेही सांगा, मामांनी सांगितलं नव्हतं आणि त्यांना कोणी विचारलंही नाही, नुसत्या गोळ्या चालू होत्या आणि रोज परत त्याच पोटमाळ्यावर.

सवय नाकाला होते, नसांना नाही. हेक्झेनची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड, ती खालीच साठते आणि कारागीर जमिनीवर मांडी घालून बसलेला असतो, तेव्हा छताजवळचा एक्झॉस्ट पुरत नाही. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, आणि हातावर सांडलेलं कातडीतूनही आत जातं.

कोणी विचारेल की असं खरंच कुणाला झालंय का. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरोघरी चपला बनवणाऱ्यांना झालं, चीनमध्ये सुझोऊला २००९ साली फोनच्या स्क्रीन हेक्झेनने पुसणाऱ्या १३७ कामगारांना झालं.

राहिलं काम सोडण्याचं. सोडायलाच हवं, पण सोडल्यावरही काही आठवडे, कधी महिने त्रास वाढतच जातो, हे आधी माहीत असलं तर माणूस घाबरून परत कामावर जात नाही. मामांनी मार्चमध्ये सोडलं आणि मे महिन्यात पाय अजून जड झाले, घरात सगळे म्हणाले सोडून काय मिळालं. नस वाढते ती दिवसाला मिलिमीटरभर. दोन वर्षं झाली, आता टाचेला फरशीचा गारवा कळतो, बोटांना अजून नाही.