साठ शब्दांचा मेसेज आणि त्यातून गळलेला एक शब्द

दिवाळीच्या सुट्टीपासून आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो एकाच आठवड्यात तीनदा आला: आमच्या सोलापूरच्या अशोक चौकातल्या एका पालकांकडून, माझ्या नणंदेकडून आणि आमच्याच शाळेतल्या शिपाईमामांकडून. मजकूर साधारण असा. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर विसंबू नका, आठवीपर्यंत परीक्षाच नसते. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणी अहवालाप्रमाणे तिसरीतल्या ७३ टक्के मुलांना वाचताच येत नाही. मोबाइलवर घड्याळ लावा. मिनिटाला ६० शब्द वाचले तर मूल पास, नाहीतर नापास, हा सरकारी निकष आहे. वेग आला की समज आपोआप येते. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं आली म्हणजे धडा समजला. आणि घरात तेलुगू-कन्नड बोलणं बंद करा, त्यानेच मराठी वाचन मागे पडतं. शेवटी जोडलेले हात आणि ‘दहा पालकांना पाठवा’.

मी चौथीला शिकवते. मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगा मोठ्याने वाचताना पुस्तकापेक्षा माझ्या मनगटाकडे जास्त बघत होता. म्हणून हे लिहायला बसले.

‘६० शब्द हा सरकारी निकष आहे.’ अर्धं खरं आहे, आणि तेच जास्त त्रासाचं. ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. त्यात तिसरीच्या अखेरीचं लक्ष्य आहे: मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचणे. मेसेज पुढे पाठवता पाठवता कोणाच्या तरी हातून ‘अर्थासह’ हा शब्द गळला आणि उरलं नुसतं घड्याळ. ‘निपुण’ या इंग्रजी आद्याक्षरी नावातसुद्धा समजून वाचणं आहे, नुसतं वाचणं नाही. शिवाय २०२६-२७ पर्यंत गाठायचं ते व्यवस्थेचं उद्दिष्ट. एखाद्या पोराला ‘नापास’ म्हणायला ते काढलेलं नाही.

दुसरं म्हणजे, शब्द मोजायचे तर कोणत्या भाषेतले? हिंदीत ‘घर तक का’ हे तीन शब्द झाले. मराठीत ‘घरापर्यंतचा’ हा एकच. ‘बाजारातल्यासारखं’ एका दमात वाचणाऱ्या मुलाच्या खात्यात घड्याळ एकच शब्द टाकतं आणि ‘तो घरी आला’ वाचणाऱ्याच्या खात्यात तीन. कन्नड-तेलुगूत तर शब्द याहून लांबतात. हे अभ्यासकांना ठाऊक आहे. म्हणूनच २०२२ मध्ये एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेने तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास केला, तेव्हा २० भाषांमध्ये चाचणी घेतली आणि प्रत्येक भाषेसाठी वाचनाच्या पातळ्या वेगळ्या ठरवल्या. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमांची मुलं राहतात. त्या सगळ्यांना एकच आकडा लावणारा मेसेज निदान इथे तरी फिरायला नको होता.

‘वेग आला की समज आपोआप येते.’ इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळी गडबड या एका वाक्यात आहे.

१९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या दोघांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज, बरोबर वाचनाचं आकलन. बेरीज नाही, गुणाकार. एका बाजूला शून्य असेल तर दुसरी बाजू कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. आमच्या आजीच्या पिढीत संस्कृत स्तोत्रं धडाधड वाचणारी कितीतरी माणसं होती. उच्चार स्वच्छ, वेग जबरदस्त. अर्थ विचारला की हात जोडायची.

मागच्या महिन्यात मी वर्गात तीन वाक्यांचा एक उतारा दिला. माझाच, पुस्तकातला नव्हे:

‘मागाचा खडखडाट एकदम थांबला. आईने वर पाहिलं, कपाळाला हात लावला आणि मेणबत्ती शोधायला उठली. सकाळी टॉवेल न्यायला माणूस येणार होता.’

प्रश्न: माग का थांबला? आईने कपाळाला हात का लावला?

वर्गात सगळ्यात झरझर वाचणारा मुलगा विजापूर रोडच्या बाजूने येतो. त्याने एका श्वासात उतारा संपवला आणि म्हणाला, “बाई, माग का थांबला ते दिलेलंच नाही.” अगदी प्रामाणिक उत्तर. खरंच दिलेलं नाही. त्याच्या मागच्या बाकावरच्या मुलीने ‘खडखडाट’चे तीन तुकडे केले, ‘मेणबत्ती’वर अडखळली, दुप्पट वेळ घेतला. मग म्हणाली, “लाइट गेली. माल आता सकाळपर्यंत व्हायचा नाही.” मी विचारलं, लाइट गेली हे कशावरून? “मेणबत्ती लिहिलंय की!” तिच्या घरामागे दोन यंत्रमाग आहेत.

मेसेजच्या घड्याळाप्रमाणे ही मुलगी नापास आहे.

पण थांबा, हिचं कौतुक करून मी मोकळी होणार नाही. पुढच्या आठवड्यात विमानतळावरचा उतारा दिला, तेव्हा चित्र नेमकं उलटं झालं. त्या मुलाला सामानाचा पट्टा का फिरतो ते कळलं, हिला काही केल्या कळेना. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या डावाचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. ज्या विषयाची ओळख आहे त्यात मूल हुशार दिसतं. म्हणून एका उताऱ्यावरून मुलाचा निकाल लावायचा नाही, मग तो घड्याळाने लावा नाहीतर माझ्यासारख्या बाईच्या प्रश्नांनी.

आणि चांगला वाचक मुद्दाम हळूही होतो. माझ्या मनगटाकडे बघणाऱ्या त्या मुलासमोर मी घड्याळ काढून खणात ठेवलं. गोष्ट वाचता वाचता तो मध्येच थांबला, मागची दोन वाक्यं परत वाचली आणि म्हणाला, “हा सावकार खोटं बोलतोय ना?” त्या थांबण्यात दहा-बारा शब्द तरी बुडाले असतील. त्याच्या वर्षभराच्या नोंदीत मी पहिल्यांदा ‘पात्राच्या बोलण्यावर शंका घेतो’ असं लिहिलं.

‘प्रश्नांची उत्तरं आली म्हणजे धडा समजला.’ हे वाक्य वाचा: ‘टिंबळ्या काल गरपटात झुरमटला.’ आता सांगा, टिंबळ्या कुठे झुरमटला? गरपटात. कधी? काल. दोनपैकी दोन गुण, आणि टिंबळ्या कोण ते मलाही माहीत नाही. ‘कोण, कुठे, कधी’वाले प्रश्न वाक्याची रचना ओळखून सुटतात. ‘का’वाले तरी बरे, असं वाटतं; पण गाईडमधून पाठ झालेलं ‘का’ हे ‘कुठे’पेक्षा वेगळं नसतं. समज तपासायची तर उतारा न पाहिलेला हवा. आमच्या मोठ्या परीक्षांचाही यात थोडा दोष आहे. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला ४ गुण. उरलेलं गद्य-पद्य वर्षभर घोटलेलं असतं. स्वमत-अभिव्यक्तीचे प्रश्न आले हे चांगलंच झालं, पण ‘स्वमत’सुद्धा पाठ करून येणारी मुलं मी पाहिली आहेत!

वर्गात मी एकच जोडप्रश्न सारखा वापरते: “कुठल्या ओळीवरून म्हणतोस?” उताऱ्याचं विश्लेषण या भारदस्त शब्दाखाली चौथीत एवढंच असतं. जूनमध्ये मुलं म्हणतात, “असंच वाटतं.” पुढे कोणीतरी ओळीवर बोट ठेवतं. मार्चपर्यंत काहीजण दोन वेगवेगळ्या ओळींवर बोट ठेवून भांडतात. ही प्रगती आहे. मिनिटांत ती बसत नाही.

‘असर’चं थोडक्यात सांगते. २०२४ च्या अहवालात देशभरातल्या तिसरीच्या २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, हे खरं. १०० मधून २७ वजा केले की ७३ उरतात, हेही खरं. पण ती ७३ टक्के मुलं म्हणजे ‘वाचता न येणारी’ नव्हेत. ‘असर’च्या कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट अशा पायऱ्या आहेत. त्या ७३ मध्ये परिच्छेद वाचणारं मूलही आहे आणि अक्षरांवर अडलेलंही. दोघांची गरज वेगळी. शिवाय हा ग्रामीण घरांचा सर्वे आहे, सोलापूर शहर त्यात येतच नाही. आणि २०२२ मध्ये हाच २७.१ चा आकडा २०.५ टक्के होता. मेसेजवाल्याने तो घातला असता तर चित्र वर चढताना दिसलं असतं, अर्थात मग कोणी पुढे पाठवलं नसतं. परिस्थिती चांगली आहे असं मी म्हणत नाही. चारातल्या तीन मुलांना खालच्या इयत्तेचा मजकूर जड जावा, ही काळजीचीच गोष्ट आहे.

‘आठवीपर्यंत परीक्षाच नाही.’ नापास न करणं वेगळं आणि न तपासणं वेगळं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तिसरी-चौथीला आकारिकचा, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या तपासणीचा भार ६० टक्के, संकलितचा, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीचा ४०. पाचवी आणि आठवीला तर २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षाही आहे. मात्र प्रगतिपुस्तकावर विसंबू नका, या सल्ल्यात तथ्य आहे हे मी शिक्षिका असून कबूल करते. चाळीस मुलांच्या वर्णनात्मक नोंदी एका रात्रीत लिहायच्या म्हटलं की ‘वाचनात प्रगती आहे’, ‘स्पष्ट वाचन करतो’ अशी वाक्यं चाळीस वेळा उतरतात. मीही उतरवली आहेत. अशी नोंद मिळाली तर सरळ शाळेत जा आणि विचारा: कशात प्रगती? जूनमध्ये काय येत नव्हतं जे आता येतं?

राहिलं तेलुगू-कन्नडचं. या मुद्द्याचा मला राग आहे. वरच्या गुणाकारातली दुसरी बाजू, भाषेची समज, आधी घरात वाढते. आजीच्या गोष्टीत, आईच्या ओरडण्यात. घरातली भाषा बंद केली तर मराठी वाढत नाही, फक्त घर गप्प होतं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम ठेवा म्हणतं. पूर्व भागातल्या एका मुलीला गोष्ट मराठीत सांगता येईना. म्हटलं, तेलुगूत सांग. माझं तेलुगू भाजी घेण्यापुरतं. शेजारच्या मुलाने मला अर्थ लावून दिला. तिने गोष्टीतला कपटी कोण हेसुद्धा बरोबर सांगितलं होतं. तिचं आकलन पक्कं होतं, कच्चं होतं ते मराठीत बोलणं. दोन्हींची नोंद वेगळी करायची असते.

आणि आपल्या सोलापुरी मराठीचं काय? पानावर छापलंय ‘काय करतोयस?’ आणि पोरगं खणखणीत वाचतं, ‘काय करलालास?’ घड्याळवाला इथे चुकीचा शब्द म्हणून काट मारेल. मी नाही मारत. अर्थ डोक्यात गेला आणि तोंडातून घरच्या भाषेत बाहेर आला, यापेक्षा समजल्याचा वेगळा पुरावा काय हवा? ‘घरी’च्या जागी ‘घडी’ वाचून जो तसाच पुढे जातो, त्याची काळजी करा. चुका मोजण्याआधी चुकांची जात बघावी.

घड्याळ अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत ज्याची सुरुवात विसरून जाते, इतकं अडखळणारं मूल असेल तर वेगावर काम करावंच लागतं. अशा वेळी मोबाइलचा उपयोग आहे, पण टायमरचा नाही, रेकॉर्डरचा. जूनमध्ये, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये, साधारण एकाच पातळीचा पण न पाहिलेला उतारा वाचायला द्या आणि आवाज जपून ठेवा. वाचून झालं की तीन गोष्टी विचारा: काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग, असं का झालं असेल, आणि कुठल्या ओळीवरून म्हणतोस. कोणत्याही भाषेत उत्तर चालेल. मार्चमध्ये जूनचं रेकॉर्डिंग मुलाला ऐकवा. मुलं स्वतःच हसतात. मला पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, मी ऐकेन. फक्त ग्रुपवर टाकू नका, शेजारच्या पोराशी तुलना सुरू होते.