ट्रेलर घ्यायचा तर आधी त्याच्याखाली झोपा

आज सकाळपासून इथे ऑस्ट्रेलियात आपल्या ग्रुपवर कॅम्पर ट्रेलरबद्दल, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या, उघडला की तंबू आणि किचन होणाऱ्या ट्रेलरबद्दल, एक फॉरवर्ड फिरतोय. "सगळे कॅम्पर ट्रेलर एकाच चिनी कारखान्यातून येतात, फक्त स्टिकर वेगळा. ऑस्ट्रेलियन नावासाठी दुप्पट पैसे मोजणारे मूर्ख." खाली स्टेनलेस स्टीलच्या सरकत्या किचनचा चकचकीत फोटो आणि त्याखाली अंगठ्यांची रांग. दोघांनी तर विक्रेत्याचा नंबरही मागितला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

किचन बघून ट्रेलर घेणाऱ्यांसाठीच हे लिहितोय. चकचकीत किचन ही ट्रेलरमधली सगळ्यात स्वस्तात भाव खाणारी गोष्ट आहे. पत्रा, तीन बर्नर, एक सिंक, संपलं. किमतीतला खरा फरक असतो खाली: वेल्डिंगमध्ये, हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), वायरच्या जाडीत, शॉक अॅब्झॉर्बरमध्ये. तिथे कुणी वाकून बघत नाही हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आणि ज्यांना तो करडा ट्रेलर माहीत आहे, त्यांनी तरी अंगठा द्यायला नको होता. आपल्यातल्याच एका कुटुंबाचा, पुढे उलगडणारा, आयात केलेला, "फुल ऑफरोड" म्हणून विकलेला. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडला न्यायच्या आधी जॅकवर चढवला म्हणून निभावलं. चाक हाताने फिरवलं तर खरखर. वरून-खालून धरून हलवलं तर खुळखुळ. हबवरची टोपी, म्हणजे डस्ट कॅप, काढली तर ग्रीस फक्त बाहेरच्या बेअरिंगच्या तोंडाला चोपडलेलं, रोलरच्या मधे कोरडं ठाक. आतल्या बाजूचं सील तिरकं ठोकलेलं, कड दुमडलेली. कॉटर पिन होती, पण तिची टोकं वाकवलेलीच नव्हती! म्हणजे नट कधीही फिरून बाहेर यायला मोकळा. हा ट्रेलर कोरा होता, शोरूममधून थेट घरी आलेला.

गिब रिव्हर रोड साधारण ६६० किलोमीटरचा आहे, आणि त्यातला मोठा भाग कच्चा. कॉरुगेशनवर, म्हणजे रस्त्यावर पडलेल्या त्या आडव्या पन्हाळ्यांवर, चाक सतत हादरे खात असतं. कोरडं बेअरिंग तापतं, तापलं की उरलंसुरलं ग्रीस पातळ होऊन दुमडलेल्या सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं, मग ब्रेकही गेले आणि बेअरिंगही. शेवटी रोलर जाम होतात आणि ॲक्सलचा स्टब, म्हणजे हब बसतो तो दांडा, खराब होतो, किंवा चाक हबसकट निघून जातं. मदत यायला दोन दिवस लागतील अशा ठिकाणी.

उपाय महाग नाही, म्हणून तर राग येतो. हब उतरवा, जुनं ग्रीस केरोसीनने पूर्ण धुवा, रेसवर (रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यावर) डाग किंवा खड्डे असतील तर बेअरिंग आणि रेस जोडीनेच बदला. उच्च तापमानाचं ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या रुंद बाजूने दाबत राहा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. सील दर वेळी नवीन. नट आवळताना चाक फिरवत राहा म्हणजे बेअरिंग नीट बसतं, मग नट सैल करून फक्त बोटांनी घट्ट करा आणि पिनचं भोक जुळत नसेल तर पुढे नव्हे, मागे फिरवा. नवीन पिन, टोकं वाकवून. पुढे दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, आणि नदी-नाल्याच्या पाण्यात हब बुडले तर त्याहून लवकर.

विकत घेण्याआधी मात्र एक प्रश्न विचाराच: बेअरिंगचा नंबर काय? ऑस्ट्रेलियात हलक्या ट्रेलरवर सर्रास दिसणारी फोर्ड जोडी, आत ६८१४९ आणि बाहेर १२७४९, कुठल्याही छोट्या गावात मिळते. विक्रेत्याला नंबर सांगता आला नाही, किंवा बेअरिंगवर नंबरच नसला, तर आडवळणाच्या जागी त्याचा सुटा भाग कुणी देणार नाही. तसंच चाकाचं. तुमच्या गाडीला चाक बसवायचे सहा स्टड १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतील तर ट्रेलरलाही तेच मागा, म्हणजे स्टेपनी दोघांत चालते.

आता वेल्डिंग. ड्रॉबार, म्हणजे गाडीला जोडायचा पुढचा दांडा, चेसिसच्या पुढच्या आडव्या बीमखालून जातो तो सांधा टॉर्च लावून बघा. ट्रेलरचं सगळं उसळणं-आपटणं तिथे एकवटतं. वेल्डच्या कडेला धातू खाल्ल्यासारखी खाच असेल, वेल्डमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील, किंवा ड्रॉबारच्या खालच्या बाजूवर आडवा वेल्ड मारलेला असेल, तर तडा तिथूनच सुरू होणार. ड्रॉबारला पट्टी जोडायची तर वेल्ड नळीच्या लांबीच्या दिशेने हवा, आडवा नको. करड्या ट्रेलरला नेमकी जॉकी व्हीलची (ट्रेलर उभा करायच्या पुढच्या छोट्या चाकाची) पट्टी आडवी जोडलेली होती, आणि वर जाड काळा रंग. रंगाखाली स्लॅग, म्हणजे वेल्डिंगचा कचरा, तसाच. नखाने खरवडला तर पोपडा निघाला आणि आत गंज. नवा ट्रेलर आहे हो! चेसिस "गॅल्व्हनाइज्ड" म्हणतात तेव्हा हॉट-डिप आहे की नुसता झिंकचा रंग फवारलाय ते विचारा. हॉट-डिप असेल तर नळ्यांना जस्त आत-बाहेर वाहायला भोकं ठेवलेली दिसतात आणि आतूनही तीच राखाडी झाक असते. बोट घाला, बघा. आत नुसतं लोखंड असेल तर समुद्रकिनाऱ्याच्या दोन सहलींत ते आतून खायला लागेल आणि वरून काही दिसणार नाही.

इंडिपेंडंट ट्रेलिंग आर्म (प्रत्येक चाकाला वेगळा आर्म), कॉइल स्प्रिंग, दोन शॉक अॅब्झॉर्बर, हे सगळं ब्रोशरमध्ये छान दिसतं. हल्ली आयात ट्रेलरवर ते सर्रास असतं, याबद्दल त्यांना मान द्यायला हवा. पण आर्मची ब्रॅकेट दोन्ही बाजूंना सारखी बसली नसेल तर चाकं तिरकी चालतात आणि टायर आतल्या कडेने काही हजार किलोमीटरांतच झिजतात. दोन्ही टायरच्या मधोमध खडूने खूण करा, पुढून अंतर मोजा, चाकं अर्धा फेरा फिरवून मागून मोजा. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक आला तर विचारा, हे अॅडजस्ट होतं का? कित्येकांना तशी सोयच नसते. शॉक अॅब्झॉर्बरचं म्हणाल तर कॉरुगेशनवर तेल इतकं तापतं की स्वस्तातले लवकर गळायला लागतात. रॉडभोवती ओलसर धूळ चिकटली की समजा गेला.

वायरिंगबद्दल मात्र मला शांतपणे लिहिता येत नाही, कारण हे जिवावर बेतणारं आहे. त्या करड्या ट्रेलरमध्ये बॅटरीपासून निघणाऱ्या वायरला बॅटरीच्या टोकाशी फ्यूजच नव्हता, आणि तीच वायर चेसिसच्या भोकातून ग्रॉमेटशिवाय, म्हणजे कडेच्या रबरी कडीशिवाय, ओढलेली. एक हजार किलोमीटर हादरे बसले की इन्सुलेशन कापलं जाणार, शॉर्ट होणार आणि आग लागणार. रात्री वर तंबूत मुलं झोपलेली असताना! हे कोणत्या किमतीत "स्वस्त" म्हणायचं, सांगा मला.

जाडीची फसवणूक वेगळीच. दुकानात मिळणाऱ्या ६ एमएम ऑटो केबलमधला ६ हा इन्सुलेशनसकट बाहेरचा व्यास असतो, आत तांबं जेमतेम ४.६ चौरस मिलिमीटर. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत ६ मीटर धरा, जाऊन-येऊन १२ मीटर. २५ अँपिअर ओढले की या वायरीत एक व्होल्टहून जास्त तिथेच खर्च. मग दिवसभर गाडी चालवूनही बॅटरी भरत नाही आणि रात्री फ्रिज बंद पडतो. लोक बॅटरीला शिव्या देतात. ६ बीअँडएस (केबलच्या जाडीचं दुसरं माप) केबल घाला, तिच्यात १३.५ चौरस मिलिमीटर तांबं आहे, तेवढ्याच प्रवाहाला तोटा साधारण ०.४ व्होल्ट. गाडी आणि ट्रेलरची वायर जोडायला ५० अँपिअरचा अँडरसन प्लग, दोन्ही बॅटऱ्यांशी फ्यूज, आणि गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी नीट भरणारा डीसी-डीसी चार्जर त्या बॅटरीजवळ. बस्स.

वजनाचं गणित तर कुणी करतच नाही. ट्रेलरच्या प्लेटवर एटीएम म्हणजे सुटा उभा असताना सामानासकट जास्तीत जास्त वजन, आणि टेअर म्हणजे रिकामा. समजा एटीएम २,००० किलो आणि टेअर १,६२०. उरले ३८०. पाणी १२० लिटर म्हणजे १२० किलो. नऊ किलोचे दोन गॅस सिलिंडर भरून साधारण ३६. भरलेला फ्रिज ४५. डिझेलचे दोन जेरीकॅन ४०. अॅनेक्सचं, म्हणजे तंबूला जोडायच्या जास्तीच्या खोलीचं, कापड आणि दांडे ३०. राहिले सव्वाशेपेक्षा कमी, आणि अजून कपडे, खाणं, हत्यारं, रिकव्हरीचं सामान, मुलांच्या सायकली बाकी आहेत. त्यात टेअर कधी कधी ऑनिंग (सावलीचं छप्पर), रॅक, जास्तीची बॅटरी न धरता छापतात. करडा ट्रेलर वजनकाट्यावर रिकामाच प्लेटपेक्षा शंभरेक किलो जास्त भरला. म्हणजे वर मोजलेलं एवढंच सामान भरलं की तो जवळपास बेकायदा, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतंच कारण. पैसे देण्याआधी वजनकाट्याची पावती मागा. "मिळेल, मिळेल" म्हणाला तर निघून या.

ब्रेकचा नियम सोपा आहे. ट्रेलर जोडलेला असताना त्याच्या चाकांवर येणारं वजन, म्हणजे जीटीएम, ७५० किलोच्या वर गेलं की ब्रेक हवेच. २,००० च्या वर गेलं की सगळ्या चाकांना ब्रेक आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी ब्रेकअवे यंत्रणाही हवी.

कापडाबद्दल थोडक्यात. सूर्याकडे धरून बघा, सुईची भोकं लखलख दिसली तर पाणी येणार. चांगलं कॅनव्हासही पहिल्या पावसात झिरपतं, त्यात दोष नाही. दोन-तीनदा पूर्ण भिजवून वाळवलं की सुती धागा फुगतो आणि भोकं बुजतात. धुळीसाठी दाराच्या रबरी सीलमध्ये कागदाची पट्टी धरून दार लावा, पट्टी सहज ओढून निघाली तर किचनमध्ये लाल माती शिरणार.

आता दुसरी बाजू, नाइलाजाने का होईना. आयात केलेले सगळे वाईट नाहीत. काही आयातदार कारखान्यात स्वतःचा माणूस ठेवतात, इथे आल्यावर हब उघडून पुन्हा भरतात, वायरिंग इथेच करतात, आणि त्यांचा माल चांगला असतो. "ऑस्ट्रेलियन मेड" पाटीखालीही ॲक्सल, फ्रिज, पंप परदेशी असू शकतात. आणि तुम्ही डांबरी रस्त्याने कॅरव्हान पार्कपर्यंतच जाणार असाल तर स्वस्तातला पुरे, जास्त खर्च करू नका.

घेणाऱ्यांना तर मी दोष देतच नाही. घराचे हप्ते, मुलांची शाळा, त्यातून शाळेच्या सुट्टीत पोरांना उलुरूचा खडक दाखवावा, ताऱ्यांखाली झोपवावं असं वाटतं, आणि हातात असतात तेवढेच पैसे असतात. करड्या ट्रेलरवाल्या वहिनींनी तर दोन वर्षं बाजूला टाकून ते पैसे जमवले होते. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. स्थानिक ट्रेलरपेक्षा सुमारे आठ हजार डॉलर वाचले असं त्यांना सांगितलं गेलं. बेअरिंग, सील, शॉक अॅब्झॉर्बर, टायर, केबल, चार्जर, ड्रॉबारचं वेल्डिंग आणि मजुरी मिळून पाच हजारांच्या वर गेले, सहल पुढे ढकलावी लागली ते वेगळंच. हे पाच हजार किंमत ठरवतानाच धरले असते तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता. निदान घासाघीस तरी झाली असती.

आणि कृपा करून "आपणच थेट मागवू, दलाल कशाला" हे सुचवू नका. १ जुलै २०२१ ला लागू झालेल्या कायद्याप्रमाणे ४.५ टनांपर्यंतचा ट्रेलर रजिस्टर ऑफ अप्रूव्ह्ड व्हेइकल्समध्ये, म्हणजे मंजूर वाहनांच्या सरकारी यादीत, नोंदलेला असावा लागतो, आणि स्वतः आणायचा तर आयातीची मंजुरी आधी घ्यावी लागते. दुकानातून घेतानाही प्लेटवरचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) त्या रजिस्टरवर ऑनलाइन तपासा, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम. अॅस्बेस्टॉसवर इथे ३१ डिसेंबर २००३ पासून पूर्ण बंदी आहे. ब्रेक लायनिंग आणि गॅस्केटमध्ये ते नाही याची खात्री करण्याची जबाबदारी आयात करणाऱ्याची, म्हणजे तुमचीच. गॅसजोडणीचं परवानाधारक गॅसफिटरचं प्रमाणपत्रही तुम्हालाच मिळवावं लागेल. शिवाय परदेशी उत्पादकाचं इथे ऑफिस नसेल तर आपला ग्राहक कायदा आयातदारालाच उत्पादक मानतो. दुकानातून घेतलात तर कुणाच्या तरी दारात उभं राहता येतं. स्वतः आणलात तर कुणाच्या दारात जाणार?

ज्यांनी डिपॉझिट भरलंय त्यांनी घाबरून जाऊ नका, मेसेज करा, जॅक आणि टॉर्च घेऊन आपण बघू. ताबा घेतल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळा, मग ५० किलोमीटरला पुन्हा, १०० ला पुन्हा, अलॉय रिम असेल तर नक्कीच. प्रत्येक थांब्यावर दोन्ही हबना हात लावा. कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल, किंवा एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर तिथेच थांबा आणि तो हब उघडा.