काकांचे टॉवेल आणि टिबिलिसीचा झेंडा

मागच्या महिन्यात सोलापूरच्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक जुनी क्लिप टाकली. जॉर्जियाची राजधानी टिबिलिसी, 5 जुलै 2021. समलिंगींच्या हक्कांसाठीचा प्राइड मोर्चा निघायच्या आधीच जमाव आयोजकांच्या कचेरीत घुसला, तोडफोड केली, पन्नासहून जास्त पत्रकारांना झोडपलं आणि संसदेसमोरचा युरोपियन युनियनचा झेंडा खाली ओढून जाळला. मार खाल्लेला एक कॅमेरामन काही दिवसांनी घरात मृतावस्थेत सापडला. मोर्चा रद्द झाला. क्लिपखाली काकांनी लिहिलं होतं, "ह्यांना कळलं. आपल्याकडं नुसते वकील लावून बसतात."

मी राहतो नेदरलँड्समधल्या हेगमध्ये. ऑफिसला जाताना दूतावासांचा रस्ता लागतो. कुठल्या ना कुठल्या देशाविरुद्ध पाच-पंचवीस माणसं फलक घेऊन उभी असतात, बाजूला पोलीस कंटाळलेले. त्यामुळे क्लिप बघून मला आधी झेंड्याचंच नवल वाटलं. मार खाल्ला जॉर्जियाच्या पोरांनी आणि जळला युरोपियन युनियनचा झेंडा. पाश्चात्त्य दूतावासांनी निषेधाचं संयुक्त पत्रक काढलं. पण दूतावासाला भिंत असते, पहारेकरी असतो. गल्लीतल्या पोराला काय असतं? बगदादमध्ये मे 2020मध्ये युरोपियन युनियनच्या कार्यालयाने समलिंगींच्या हक्कांचा इंद्रधनुषी झेंडा लावला, तेव्हाही इराकच्या परराष्ट्र खात्याने निषेध केला होता. असले झेंडे लावणाऱ्यांची मला थोडी चीडच येते. "ही बाहेरची थेरं आहेत" असं म्हणणाऱ्याच्या हातात ते आयतं कोलीत देतात.

काकांना फोन केला. "काका, त्या देशाच्या घटनेत 2018 पासून लग्न म्हणजे बाई-पुरुषाचंच असं लिहिलेलं आहे. लग्नाचा प्रश्न कागदावर मिटलेला होता. मग मारलं कशाला?"

"का बे, तिकडं जाऊन बाटलास का?" काका म्हणाले. "हे आपलं नाही. परक्यांचं आहे."

परक्यांचं म्हणाल तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 परक्यांचं होतं. 1860 साली इंग्रजांनी लिहिलेलं. ते सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं काढून टाकलं. समलिंगी लग्नाला मान्यता मात्र 17 ऑक्टोबर 2023च्या निकालात दिली नाही, ते काम संसदेचं म्हणून सोडून दिलं. यावर काका खूश आणि मीही फार भांडलो नाही. इथेही ते संसदेनेच केलं. 1 एप्रिल 2001च्या मध्यरात्री ॲमस्टरडॅमच्या महापौरांनी चार जोडप्यांची लग्नं लावली आणि सकाळी लोक कामाला गेले. इथं कायद्याचं लग्न नगरपालिकेत लागतं, चर्चमधलं त्याच्यानंतर. चर्चने नाही म्हटलं तर नाही.

पण सोलापूरकराने लग्नाच्या व्याख्येवर एवढं अडून बसावं याचं मला हसू येतं. दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याला, संमती कट्ट्यावर आपण कुणाच्या लग्नाला जातो? कुंभारकन्येचा हट्ट होता सिद्धेश्वरांशीच लग्न करायचा. ते पडले योगी. मग तिचं लग्न योगदंडाशी लागलं. माणसाचं काठीशी! आणि लाखो लोक बाराबंदी घालून, सात नंदीध्वज सांभाळत, "दिड्डम दिड्डम"वर अक्षता टाकतात. कट्ट्याचं नावही बघा, संमती. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "ते देवाचं आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

आता माझं सांगतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं लग्न झालं, त्याच्या मित्राशी. दोघांच्या मधे उभा राहून मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकताना एकाला क्रॉप केलं. खाली लिहिलं, "मित्राचं लग्न." नवरी कुठाय म्हणून काकूने विचारलं, तर मी विषय बदलला. हे 14 वर्षं हेगमध्ये काढलेल्या माणसाचं शौर्य.

मला खरी आठवण होते ती आमच्या पेठेतल्या एका मुलीची. तिचं लग्न वाजतगाजत झालं. नवऱ्याला बाईत रस नव्हता. घरच्यांना बहुधा माहीत होतं, लग्न झालं की सुधारेल म्हणाले. ती दीड वर्षाने माहेरी आली. बोल सगळे तिलाच. त्या लग्नात आम्ही पोटभर जेवलो होतो आणि काकांनी आहेरात स्वतःच्या कारखान्यातले डझनभर टॉवेल दिले होते. संस्कृतीचं रक्षण झालं होतं. काकांचे ते टॉवेल आता इथल्या हॉटेलांत येतात. खोलीत कोण कुणाबरोबर उतरलंय, हे ऑर्डर घेताना ते विचारत नाहीत, हेही मी फोनवर बोलून गेलो.

तीन दिवस काकांचा मेसेज नाही. मग मीच कळवलं, तोच सहकारी आणि त्याचा नवरा यंदा माझ्याबरोबर गड्ड्याला यायचं म्हणताहेत. न कापलेला फोटोही पाठवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "येऊ दे. स्टेशनजवळचं हॉटेल ओळखीचं आहे. खोली एक सांगू का दोन, तेवढं कळव."