गळ्याशी आलेली सोनोग्राफी

"मानेची गाठ कोण आहे? गाठ! ओ गाठ, पुढे या!"

दादरच्या एका सोनोग्राफी सेंटरात काउंटरवरच्या मुलीनं असं पुकारलं तेव्हा भरलेल्या हॉलमध्ये फक्त मी उठलो. फॉर्मवर नाव लिहून घेतलं होतं, तेही आधी आडनाव मग वडिलांचं. उपयोग शून्य. जबड्याखाली मऊ फुगी आली होती, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना लाळग्रंथीची सिस्ट वाटत होती, म्हणून ही वरात. पुढे गेलो तर मुलगी म्हणाली, "बसा, मॅडम बिझी आहेत." म्हणजे उठवलं कशाला? सगळ्यांना नीट दिसावं म्हणून?

शेजारचे काका लिटरची बाटली संपवत होते. प्रोस्टेटची सोनोग्राफी. मुलगी अधूनमधून तिथूनच ओरडत होती, "काका, प्रेशर आलं का?"

"दुखते का?" काकांनी माझ्या मानेकडे बघत विचारलं.

"नाही."

"अरेरे."

हे 'अरेरे' असं काही होतं, की मी मनातल्या मनात बायकोला बँकेचे पासवर्ड सांगून टाकले.

"दुखणारी बरी हो. न दुखणारी वाईट. आमच्या साडूची न दुखणारीच होती."

"मग?"

काकांनी एक घोट घेतला. "तुम्ही पाणी नाही प्यायलात?"

"माझी मानेची आहे."

"तरी प्या. मशीन तेच आहे."

"साडूंचं काय झालं पण?"

काका उठले. भिंतीवरची 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी त्यांनी एकाग्रतेनं वाचली, पायाला पाय गुंफला, परत बसले. "आता बोलायला लावू नका. लक्ष विचलित होतं." पण लगेच "बघू" म्हणून बाटलीनं गार पडलेली बोटं माझ्या गळ्यावर. "मऊ आहे. गळू. तुरटी लावा."

समोरच्या काकूंनी बिब्बा सुचवला. बिब्बा! गळ्याला! मी कॉलर वर केली. सकाळी नऊची वेळ मला दिली होती. काकांनाही नऊचीच, काकूंनाही नऊचीच. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

आत मात्र पाच मिनिटांत उरकलं. मॅडमनी मानेवर गारढोण जेल थापलं. मध्ये हवा राहिली तर ध्वनिलहरी आत शिरतच नाहीत म्हणे. "गिळा. जीभ बाहेर काढा." पडद्यावर एक काळाकुट्ट डबका आणि त्यामागे उजेड. पातळ द्रव असला की असंच दिसतं. भरीव गाठ असती तर आत करडं दिसलं असतं. डबक्याला एक शेपूट होतं, ते वर जिभेखाली गेलेलं.

मॅडमनी नाइलाजानं सांगितलं ते असं. जिभेखालच्या ग्रंथीतून लाळ झिरपते, तोंडाच्या तळाच्या स्नायूत फट असली तर तिथून खाली उतरते आणि मानेत साठते. थोडक्यात, वरच्या मजल्यावरच्यांचं बाथरूम आणि आमचं छत. हे मला शिकवायला नको. आमच्या बिल्डिंगमध्ये दर पावसाळ्यात हेच चालतं. वरचे म्हणतात आमचं कोरडं आहे, सेक्रेटरी म्हणतात बघू, आणि आम्ही छताला रंग देतो. इथेही सुईनं पाणी काढणं म्हणजे रंग देणंच, पुन्हा भरतं. काढायची ती वरची ग्रंथी. निदान ती सोसायटीच्या मीटिंगला येणार नाही.

"म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही ना?"

"रिपोर्टमध्ये येईल." रिपोर्ट संध्याकाळी सातला. त्यातही शेवटी 'एमआरआय केल्यास बरे' अशी ओळ असणार, हे पैसे घेतानाच्या त्यांच्या सौजन्यावरून ओळखलं. जेल पुसायला टिश्यू दिला एक. त्यात नाकसुद्धा मावलं नसतं. रुमाल माझा, चिकट कॉलर माझी आणि वर त्यांचं "नेक्स्ट!"

बाहेर काका कोरडे ठाक चेहऱ्यानं नवी बाटली उघडत होते. "तुम्हाला मध्ये घेतलं ना, मला धरवलं नाही. आता परत पहिल्यापासून." अपराधी मीच. हॉल पुन्हा माझ्याकडे बघू लागला.

"सॉरी काका. पण साडूंच्या गाठीचं काय झालं तेवढं सांगा."

"काही नाही. आहे अजून, गुडघ्यावर."