एकाच दिवशी प्रायमरी घेतली, तर पैसेवाल्यांचंच फावेल

अमेरिकेची निवडणूक जवळ आली की मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला दोन्ही पक्ष जानेवारीपासून जूनपर्यंत राज्याराज्यांत प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक, घेत बसतात, हा वेडेपणा आहे. देशभर एकाच दिवशी मतदान घ्या. सगळ्यांत आधी मतदान घेण्याची आयोवा राज्याची मक्तेदारी संपेल, पैशाचा जोर उतरेल, बहुमताचा उमेदवार मिळेल आणि २०१६ सारखी सुपरडेलिगेटांची लबाडी थांबेल.

तक्रारी बऱ्याच अंशी रास्त आहेत. उपाय मात्र उफराटा आहे.

सुपरडेलिगेटांचं आधी उरकून टाकू. प्रायमरीच्या मतांवरून निवडलेले प्रतिनिधी पक्षाच्या अधिवेशनात मत देऊन उमेदवार ठरवतात. खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात आपोआप मताचा हक्क मिळणारी मंडळी म्हणजे सुपरडेलिगेट. २०१६ मध्ये त्यांना पूर्ण बाजूला ठेवलं, तरी मतदानातून मिळालेले प्रतिनिधी हिलरी क्लिंटन यांच्याकडे २,२०५ आणि बर्नी सँडर्स यांच्याकडे १,८४६ होते. लोकांची मतंही हिलरींना तीसेक लाखांहून जास्तच मिळाली होती. शिवाय २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला. चुरस असेल, तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांना मतच नाही. त्याचा तारखांशी संबंध काय?

आता पैसा. हा दावा फॉरवर्डमध्ये सगळ्यात ठसक्यात केलाय आणि नेमका तोच उलटा आहे. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क इथल्या टीव्हीवर एकाच आठवड्यात जाहिराती करायला कुणाला परवडेल? आयोवात निदान शाळेच्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसांसमोर उभं राहून, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत नाव कमावता येतं. जिमी कार्टर १९७६ मध्ये असेच वर आले. २००७ च्या अखेरीस देशभरच्या चाचण्यांत ओबामा हिलरींच्या बरेच मागे होते. ३ जानेवारी २००८ ला आयोवा जिंकल्यावर वारं फिरलं. त्या वेळी देशभर एकदम मतदान झालं असतं, तर ओबामांचं काय झालं असतं ते सांगायला नको.

एकाच दिवसावर डाव लावण्याचा प्रयोग एकाने करूनही पाहिलाय. २०२० मध्ये अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी पहिली चार राज्यं सोडून दिली आणि ३ मार्चच्या ‘सुपर ट्युसडे’वर भर दिला. त्या दिवशी चौदा राज्यांत मतदान होतं. प्रचारावर त्यांनी स्वतःचे सुमारे शंभर कोटी डॉलर ओतले आणि जिंकता आला तो फक्त अमेरिकन सामोआ हा छोटासा बेटसमूह. “बघा, पैसा हरला की!” असं म्हणाल. पण का हरला? आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आलेले बायडेन २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना दणक्यात जिंकले. लगेच बुटिजेज आणि क्लोबुचर या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. राज्यं एकामागून एक होती, म्हणूनच मतदारांना ही चाल पाहून मन बदलायला वेळ मिळाला.

सगळ्यांना नाही, हेही खरं. कॅलिफोर्नियात कित्येकांनी बुटिजेज यांच्या नावाची मतपत्रिका आधीच टपालात टाकली होती. ती मतं वाया गेली. म्हणजे दुखणं मतमोजणीत आहे. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं पडली आणि रिपब्लिकन पक्षाचे पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी मिळाले. आपल्याच माणसाचं उदाहरण हवं, तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. २०२२ मध्ये मिशिगनच्या ज्या मतदारसंघातून ते काँग्रेसवर (म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर) गेले, तिथे डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की जागा खिशात. नऊ जण रिंगणात होते. ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. नियमाने जिंकले, त्यांचा काही दोष नाही. पण एक दिवस, एक मतदान आणि मतं मात्र नऊ ठिकाणी. देशपातळीवर यापेक्षा वेगळं काय होणार?

यावर खरा उतारा म्हणजे पसंतीक्रम. २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅटांनी तो वापरला. मतपत्रिकेवर पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहायची. सगळ्यात मागचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. उरलेल्या सगळ्यांना प्रतिनिधी मिळायला लागणारे १५ टक्के मिळेपर्यंत हे चालू. हे करायला तारखांना हात लावावा लागत नाही.

राहिली आयोवा. नव्वद टक्क्यांच्या आसपास गोरी वस्ती असलेल्या राज्याने कायम पहिलं असावं, याचं समर्थन मी करणार नाही. पण २०२० मध्ये तिथे निकाल कळवायचं ॲप कोसळून निकाल लटकला, आणि २०२४ ला डेमोक्रॅटांनी आयोवाचा पहिला मान काढून घेतला. रिपब्लिकनांनी तो ठेवलाय. जूनमध्ये मतदान करणाऱ्या राज्यांना बहुतेक वेळा ठरलेल्या लग्नाचं आमंत्रण येतं, हा अन्याय त्याहून मोठा. त्यावर राज्यांचे गट पाडून दर निवडणुकीला क्रम फिरवणं जास्त शहाणपणाचं.

आणि फर्मान काढणार कोण? देशव्यापी प्रायमरी ही काही नवी कल्पना नाही. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९१३ मध्येच काँग्रेसकडे ती मागितली होती. तारखा बहुतेक राज्यांच्या कायद्याने ठरतात. आपली प्रायमरी सगळ्यांत आधी हवी, असा न्यू हॅम्पशायरचा कायदाच आहे. २०२४ ला डेमोक्रॅटिक पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला, तरी न्यू हॅम्पशायरने २३ जानेवारीला मतदान घेतलंच. बायडेन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं. लोकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवलं. पक्षाच्या हाती अशा राज्याचे प्रतिनिधी नाकारण्याचं एक शस्त्र असतं. २००८ मध्ये ते मिशिगन आणि फ्लोरिडावर उगारलं होतं, आणि ऑगस्टच्या अधिवेशनापर्यंत ते म्यानही झालं.