एमएसला गेलं की टीएशिप मिळतीच म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

कोल्हापुरातल्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरालाय, की अमेरिकेत एमएसला (मास्टर्सला) ॲडमिशन झालं की टीएशिप (शिकवण्यात मदत करायचं काम) नायतर आरएशिप (प्रोफेसरच्या संशोधनात मदत करायचं काम) मिळतीच, फी माफ, वर दर महिन्याला पगार, त्यामुळं पहिल्या सेमिस्टरपुरतं कर्ज काढा, पुढचं आपोआप निघतंय. ह्या भरवशावर करवीर, कागलकडची माणसं जमीन तारण ठेवायला निघालीत म्हणून एवढं लिहितोय.

"मिळतीच" हेच मुळात खोटं. डिपार्टमेंटकडच्या जागा आधी पीएचडीवाल्यांना जातात, कारण त्यांना बहुतेक ठिकाणी ॲडमिशन देतानाच फंडिंग कबूल केलेलं असतंय, एमएसवाल्यांना उरलं तर. काही डिपार्टमेंट तर एमएसला फंडिंग देत नाही असं वेबसाईटवर सरळ लिहितात, पण ते पान कोण उघडतंय! आणि आय-२० (व्हिसासाठी लागणारा युनिव्हर्सिटीचा फॉर्म) देताना युनिव्हर्सिटी पहिल्या वर्षाचे पैसे दाखवायला लावते की. टीएशिप सगळ्यांना मिळत असती तर हे कशाला मागितलं असतं?

फी माफचं म्हणाल तर कुठं पूर्ण ट्यूशन माफ, कुठं अर्धी, कुठं फक्त बाहेरच्या राज्यातल्यांना लागणारा जादा दर काढतात, आणि स्टुडंट फी, हेल्थ इन्शुरन्स बऱ्याच ठिकाणी खिशातनंच. पगाराचं पण तसंच, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतंय, स्टायपेंडवर टॅक्स लागतो, आणि नेमणूक बऱ्याचदा ९ महिन्यांची, उन्हाळ्याचं तुमचं तुम्ही बघायचं.

"प्रोफेसरला मेल टाका, आरएशिप पक्की" ह्याचा तर मला रागच येतो. आरएचे पैसे सहसा त्या प्रोफेसरच्या ग्रँटमधनं (संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानातनं) येतात, ग्रँट संपली की जागा गेली. २०२५ मध्ये एनआयएच, एनएसएफ ह्या संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थांच्या कितीतरी ग्रँट रद्द झाल्या, काही युनिव्हर्सिटींनी पीएचडीची ॲडमिशनंच कमी केली, तिथं एमएसच्या पोरानं कुणाच्या भरवशावर जायचं?

टीएसाठी इंग्रजी बोलायची वेगळी टेस्ट पण बऱ्याच ठिकाणी असते, हे त्या मेसेजमध्ये कुठंच नाही.

कुणालाच मिळत नाही असं माझं म्हणणं नाही. लेखी ऑफर लेटर हातात असंल तर बिनधास्त जावा, फक्त ट्यूशन किती माफ, किती सेमिस्टर, इन्शुरन्स कोण भरणार एवढं त्यात नीट वाचा. लेटर नसंल तर दोन्ही वर्षांचा पूर्ण खर्च धरूनच बँकेत जावा, आणि तो आकडा सही करायच्या आधी घरच्यांना सांगा.