दिवे लुकलुकताहेत

रविवारी ऑफिसात डोकावलेल्या साहेबांना नेटवर्क स्विचचे (सगळे कॉम्प्युटर जिथे जोडतात त्या डब्याचे) दिवे लुकलुकताना दिसले आणि सोमवारी सकाळी मला बोलावणं आलं. "कुणी नव्हतं, मग हे बोलत कोण होतं?" प्रश्न रास्त होता. तेच तर जास्त खुपलं.

नेटवर्कवरचं बोलणं ऐकवणारं वायरशार्क लावलं. दर सेकंदाला एकच एआरपी आरोळी : "१९२.१६८.१.२०० कोण? १९२.१६८.१.७७ला कळवा." एआरपी म्हणजे नेटवर्कवर पत्ता शोधायची रीत, आणि तिचं १९८२पासून हे असंच आहे. नंबर ठाऊक आहे पण त्या मशीनचा मूळ पत्ता, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, माहीत नसला की अख्ख्या गल्लीला हाक मारायची, ज्याची असेल त्याने ओ द्यायची. पण हा २०० नंबरचा सर्व्हर आम्ही तीन वर्षांपूर्वीच मोडीत काढलाय. ओ कोण देणार?

हाका मारणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस स्विचच्या तक्त्यात शोधला, पोर्ट (केबल खोचायचं भोक) निघालं १७. पॅच पॅनलवर, म्हणजे ऑफिसभरच्या केबली येऊन मिळतात त्या पट्टीवर, १७ खाली पुसट मार्करने लिहिलेलं, "खिडकीजवळच्या मॅडम". मॅडम रिटायर झाल्या, खिडकीपुढे कपाट आलं. असली लेबलं लावणाऱ्याला फटके द्यायला हवेत. अक्षर माझंच आहे.

केबल उपटून मोकळा झालो असतो. पण मागे अशीच एक बेवारस केबल काढली, आणि ऐन पगाराच्या दिवशी अकाउंट्सचा प्रिंटर गेला. म्हणून वायरीमागे निघालो, तो थेट स्टोअररूममध्ये. फायलींच्या गठ्ठ्यांमागे भिंतीवर आमचं जुनं थंब मशीन! घड्याळ चार तास मागे, दिवा हिरवागार.

प्लगला हात घातला, तोच स्टोअरचे काका कडाडले, "हात काढा! चालू मशीन आहे."

"वापरात नाहीये ना, काका?"

"नाही. पण चालू आहे. बंद असतं तर भंगारात काढलं असतं. चालू वस्तू भंगारात काढायला कमिटी लागते."

"मग मी बंद करतो. बंद झालं की काढा भंगारात."

"म्हणजे तुम्ही बंद पाडलं. रजिस्टरला तसं लिहावं लागेल. नाव सांगा पूर्ण."

मी हात मागे घेतला.

"आणि मला लागतं ते," काका जरा खालच्या आवाजात म्हणाले. त्यांनी अंगठा टेकवला. "थँक यू," मशीन म्हणालं. "रोज म्हणतं," काका म्हणाले.

मीही टेकवला. "प्लीज ट्राय अगेन."

इतकी वर्षं या ऑफिसचं नेटवर्क ओढतोय. नेट चाललं की कंपनी चांगली, बंद पडलं की मी कुठे मेलो होतो! थँक यू तर सोडाच, त्या दिवशी जागेवर नव्हतो म्हणून हाफ डे लागला.

शेवटी पोर्ट १७ची केबल माझ्याच टोकाला काढली. मशीन चालू, रजिस्टर कोरं, काका खूश.

पुढच्या रविवारी साहेबांचा फोन. "अजून लुकलुकताहेत. आधीपेक्षा हळू, पण लुकलुकताहेत."

ती स्विचची स्वतःची हाक असते, स्पॅनिंग ट्रीची, दर दोन सेकंदांनी. केबलींचा कुठे फेरा झाला नाही ना, ते तो तपासत असतो. हे मी फोनवर दहा मिनिटं समजावलं.

"ते ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण बंद कधी करताय?"